शत्रू असा दिसतो

युद्धाला सात महिने उलटले तरी आपला शत्रू दिसतो कसा, हे जनतेला अद्याप कळवण्यात आलेलं नाही, ही गंभीर उणीव मनोधैर्य विभागाच्या लक्षात आली आणि मला बोलावणं आलं. मी त्या विभागाचा पेंटर. तोवर ‘दिवे मालवा’ आणि ‘बटाट्याची सालं फेकू नका’ एवढंच रंगवत होतो आणि त्यात सुखी होतो.

शत्रू कोणीच पाहिलेला नव्हता. मी आपले सुळे काढले, डोळे लालभडक केले. संचालकसाहेबांनी चित्र जवळून पाहिलं, मग लांबून पाहिलं.

“पेंटर, हे बघून लोक शहर सोडून पळतील. मग कारखाने कोण चालवणार, तुम्ही?”

दुसऱ्या खेपेला मी एक मरतुकडा, नाकावर टोपी घसरलेला बावळट काढला.

“याला हरवायला सात महिने? अहो, लोक आपल्या तोंडावर हसतील!”

अखेर समितीचा लेखी आदेश आला: भीती पन्नास टक्के, तुच्छता पन्नास टक्के, एकत्रित परिणाम सर्वसाधारण असावा.

सर्वसाधारण चेहरा म्हटलं की माझ्यापुढे एकच माणूस उभा राहतो, तो म्हणजे माझे सासरे. घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेले, आमच्याकडेच राहणारे. “बाबा, जरा सरकारी काम आहे, बसाल का?” म्हटलं. तीन दुपारी खिडकीपाशी बसले बिचारे. मान अवघडली, पण हूं की चूं नाही. “जावईबापू, डोळे आणखी बारीक करू का?” असं वर तेच विचारायचे. चित्र कशाचं ते मी सांगितलं नाही. आता त्याची लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

चित्राखालचा मजकूर समितीने दिला: ‘तो तुमच्याच गल्लीत असेल. तुम्ही झोपला आहात का?’ पहिल्या वाक्याने घाबरवायचं, दुसऱ्याने लाजवायचं, असा शास्त्रीय हिशेब होता. दहा हजार प्रती भिंतींवर लागल्या.

चौथ्या दिवशी सासरे पावाच्या रांगेत पकडले गेले. पकडून देणारा समोरचा चांभार, वीस वर्षं त्यांच्याशी पत्ते खेळलेला. बायको दारातच उभी राहिली. “बाबांना घेऊन या. नाहीतर तुम्हीही येऊ नका.”

मी साहेबांकडे धावलो. “साहेब, ते माझे सासरे आहेत. चित्र त्यांच्यावरूनच काढलंय!”

“म्हणजे चेहरा जुळतो?”

“जुळणारच ना!”

“मग अटक बिनचूक आहे.” साहेब खूश झाले. “पेंटर, सरकार दहा हजार भिंतींवरून बोललंय. तुमचे सासरे एकटेच ‘तो मी नव्हे’ म्हणताहेत. आम्ही कोणाचं ऐकायचं?”

फार गयावया केल्यावर तोड निघाली. चित्र सुधारायचं, आरोपीशी साम्य उरलं नाही की आरोपी सुटेल. मी घाईघाईने चित्राला मिशा रंगवल्या. सासरे काही सुटले नाहीत, शहरातले मिशीवाले तेवढे आत गेले. मग मिशा पुसून चष्मा घातला. त्यात दोन मास्तर सापडले आणि खटले चालवणारे न्यायाधीशही. “नाक बदलू द्या हो,” मी रडकुंडीला येऊन म्हणालो, “त्या नाकानेच बाबा अडकलेत!”

“नाकाला हात लावायचा नाही. नाक मंजूर झालंय.”

शेवटी साहेबांनी नवा चष्मा घेतला आणि त्यांच्याच दरवानाने त्यांना फाटकात धरलं. सुटका होताच त्यांनी पहिला हुकूम काढला: चेहरा संपूर्ण पुसावा. राहिली नुसती टोपी आणि कॉलर. मध्ये कोरा कागद. खाली एकच ओळ: ‘त्याला तुम्ही ओळखता.’

सासरे त्याच दिवशी सुटले. वाटेत त्या कोऱ्या चेहऱ्यापुढे पाव तास उभे राहिले, असं म्हणतात. रात्री घरी जेवले. सकाळी उठून, दाढी करून, सरळ विभागात गेले आणि माझं नाव देऊन आले. “घरच्या माणसाला गोड बोलून खिडकीत बसवलं आणि दहा हजार भिंतींवर नेऊन टांगलं. शत्रू याहून निराळं काय करतो?” त्यांनी जबाबात विचारलं.

बायको आठवड्यातून एकदा भेटायला येते. बाबांचं काही चुकलंय असं तिला वाटत नाही.

ते चित्र विभागाचं आजवरचं सर्वांत यशस्वी काम ठरलं आहे. कोठडीत पाय पसरायला जागा नाही. आता तुम्ही एवढं वाचलंत, म्हणजे तो कोरा चेहरा तुमच्याही डोळ्यांपुढे आलाच असेल. कोण दिसलं त्यात? वरच्या मजल्यावरचा? ऑफिसातला? साडू? लाजू नका, अर्ज तीन नंबरच्या खिडकीवर मिळतो. आणि मला कोणीच दिसलं नाही, असं म्हणणाऱ्यांची यादी तिथेच वेगळी करतात.