देय दिनांक

घरात कुठलाही कागद आला की तो आधी मी वाचणार, असा नियम मी गेल्या वर्षी करून टाकला. का नाही करणार? चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, जिथे सांगतील तिथे अंगठा उमटवला आणि साठी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकलो. वीट काय अन् अक्षर काय, एकाला एक नीट बसवलं की काम झालं!

मुलगा ट्रकवर, सून कपड्यांच्या कारखान्यात. त्यामुळे दहा महिन्यांची नात टिंगू माझ्या ताब्यात, आणि तिचं लसीचं कार्डही.

एका संध्याकाळी सुनेने विचारलं, "बाबा, टिंगूची गोवराची लस राहिलीय का हो?"

मी चष्मा चढवला. गोवराच्या ओळीत दोन रकाने. पहिल्यावर छापलेलं, 'देय दिनांक'. खाली गेल्या महिन्याची तारीख.

"दिली की!"

"कोणी नेलं तिला?"

"तुझा नवरा तेव्हा घरी होता. त्याने नेलं असेल."

"अगबाई! न सांगता एक काम केलं म्हणायचं!"

तिने लगेच त्याला फोन लावून कौतुक केलं. कशाबद्दल ते त्याला धड कळलं नाही, पण कौतुक त्याने ठेवून घेतलं. माझाच मुलगा!

आता 'देय' म्हणजे 'दिलंय', यात मला शंकाच नव्हती. रकाना अरुंद, म्हणून छापणाऱ्याने शब्द आखूड केला. शेजारचा रकाना कोरा होता. सरकारी कागदात कोरी जागा असतेच!

चार दिवसांनी नर्सबाई दारात. "आजोबा, तुमच्या बाळाचा गोवराचा डोस राहिलाय."

"झालाय. कार्डावर तारीख आहे."

"माझ्या रजिस्टरमध्ये नाही. बघू कार्ड?"

"मी वाचून दाखवतो ना! गोवर. बारा तारीख. झालं समाधान?"

"दुसऱ्या दवाखान्यात दिला का?"

"ते तुमचं तुम्ही शोधा!" मी दार लोटलं.

हे बोलणं शेजारणीने ऐकलं. ती आपल्या पोराचं कार्ड घेऊन आली. "आजोबा, आमचंही बघा." बघितलं. देय! तिच्यामागून आणखी चौघी आल्या. पाचही कार्डांवर देय! मी एकेकीला निकाल सांगत गेलो, जसा काही न्यायाधीशच.

पुढच्या बुधवारी नर्सबाई लसीची थंड पेटी घेऊन कोपऱ्यावरच्या खोलीत बसल्या. दुपारपर्यंत आमच्या गल्लीतून एक पोर फिरकलं नाही. तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनाच घेऊन आल्या. बाया माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या.

"एकच लस दोनदा टोचणार का?" शेजारीण कडाडली. "यांना नुसता आकडा भरायचाय!"

"मागच्या गल्लीत दोन मुलांना गोवर निघालाय," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "एकाला छातीत भरलंय, तो दवाखान्यात आहे. तुमच्या मुलांना लस झाली असेल तर मी आनंदाने परत जाते. पण झालीय, हे सांगितलं कोणी?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. मी कार्ड उंच धरलं आणि वर्गात वाचायचो तसं खणखणीत वाचलं, "दे-य दि-नां-क!"

सून नुकतीच कामावरून येऊन गर्दीच्या मागे उभी होती. खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती.

"बाबा, देय म्हणजे काय?"

"दिलंय!"

"देय म्हणजे द्यायचंय! दिलेल्याचा रकाना शेजारचा. कोरा!"

टिंगू माझ्या कडेवर चष्म्याची दांडी चघळत होती.

"मग तुझा नवरा फोनवर 'हो, हो' कशाला म्हणाला?" मी म्हणालो.

"त्याचं मी बघते," सून म्हणाली. "आधी तुम्ही चला!"

सहा पोरांची वरात खोलीकडे निघाली. "आजोबा, माझ्या नवऱ्याचं पत्रही तुम्हीच वाचलं होतंत," शेजारीण वाटेत म्हणाली. "तो येतोय की जातोय?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

टिंगूच्या दंडात सुई गेली. तिने असा सूर लावला की खिडकीवरची कबुतरं उडाली! सुनेने तिला छातीशी धरलं. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा कुठे मुठीत आवळलेलं कार्ड मी नर्सबाईंपुढे केलं.

मग नर्सबाईंनी एक फॉर्म काढला. "उशीर झाला की कारण भरावं लागतं, आजोबा." छापील यादी होती: दवाखाना लांब. मजुरी बुडते. सुईची भीती. घरी वाचता येणारं कोणी नाही. प्रत्येकापुढे एक चौकट.

"यातलं तुमचं कुठलं?"

मी चष्मा पुसायला घेतला.

त्यांनी सगळ्या चौकटी सोडल्या आणि तळाशी 'इतर' होतं, तिथे पेनाने लिहिलं, 'घरी वाचता येणारे आहेत.'

ते मात्र मी एका दमात वाचलं. अर्थही लगेच लागला!