हारातुऱ्यांत नासल्या तुकड्याची हकीकत

श्री सूक्ष्मदर्शिनी प्रसन्न. शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, एका राज्याच्या रुग्णालयी समारंभ जाहला, त्याचे वर्तमान ऐसे जे, परमुलुखाहून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणविला, पेशीच्या पोटातले दाखवील ऐसे अजब यंत्र, आणि त्याचा कारभार राजश्री अनुसूयाबाई पोंक्षे यांजकडे सोपविला. बाई कामास कडक, जिभेने त्याहून कडक. त्याच दिवशी सगुणा नामे विणकरीण मूत्रपिंडाच्या दुखण्याने सुजोन आली, आणि कोणते औषध द्यावे हे यंत्राखेरीज कळेना, मग वैद्यांनी सुई घालोन मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढिला. आता मांसातली प्रजा म्हणजे प्रथिने, ती देहातून सुटली की आपलेच घर लुटू लागतात, यास्तव ग्लुटाराल्डिहाइड नामे जालीम सरदार तत्काळ धाडावा, तो एकेकाचा हात शेजाऱ्याच्या हातास बांधोन जो जेथे उभा तेथेच खिळवितो, मग राज्य जैसे होते तैसे दिसते. बाई कुपी घेऊन उभ्याच होत्या. इतक्यात अधिष्ठाता हुजूर बोलिले, "थांबा. मंत्रिमहोदय येताहेत. त्यांच्या हस्ते तुकडा औषधात सोडू."

"हुजूर, तो आत्ता बुडाला पाहिजे."

"बाई, तुकडा कुठे पळून जातोय का?"

"तुकडा नाही पळत. त्याच्या आतलं सगळं पळतं."

हुजुरांनी हसोन तबक आपणाकडे ओढिले. मग मंत्री उशिरा आले, आणि हार जाहले, आणि शाली जाहल्या, आणि भाषणे ऐसी लांबली की श्रोते पेंगले, आणि तुकडा तबकात झेंडूच्या पाकळ्यांत सुकत पडिला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकास गेली. पुढे चित्र निघाले ते अवघी दाणादाण, पडदे फाटले, पेशी फुटल्या, रोगाने मोडले की समारंभाने हे कोणास सांगवेना. तरी हुजुरांनी ते चौकटीत घालोन दालनी टांगिले आणि खाली लिहविले, 'मूत्रपिंडाचे अंतरंग'.

सगुणेने पुसिले, "बाई, पुन्यांदा सुई कशापायी? पयला तुकडा हरवला व्हय?"

बाई खोटे बोलिल्या नाहीत. "हरवला नाही. आमच्या हारातुऱ्यांत नासला."

मग बाई तडक दालनी गेल्या, आणि हुजुरांदेखत ती पाटी ओरबाडोन काढिली, आणि खडूने भिंतीवर लिहिले, 'उद्घाटनाचे चित्र'.

हुजूर बोलिले, "हा उद्धटपणा आहे."

"आहेच," बाई बोलिल्या.

सारांश, समारंभ यथासांग पार पडिला. सगुणेस दुसरी सुई बसली.