वाघमारेबाईंचे नाऊन

मुलुंडच्या तमाम रहिवाशांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या सोसायटीचा जिना हा 'कॉमन नाऊन' आहे. कठड्यावर तशी चिठ्ठीच चिकटवली आहे.

चिठ्ठी वाघमारेबाईंची. तळमजल्यावर एकट्या राहतात. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाल्या, पण नामांचे प्रकार काही त्यांच्याने सुटेनात. पाण्याच्या टाकीवर 'मटेरिअल', कबुतरांच्या जाळीवर 'कलेक्टिव्ह, दुर्दैवाने'. आमचे सेक्रेटरी कुणाला कधी भेटत नाहीत, म्हणून त्यांच्या दारावर 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट : असतं, पण दिसत नाही'. ती चिठ्ठी लागली त्या दिवशी मात्र सेक्रेटरी दिसले.

याच बाईंमुळे आमच्या घरात आज पुन्हा भांडणं होतात, आणि मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

माझी आई मालवणची. आमच्या दारावरची चिठ्ठी ती शिव्यांसकट उचकटायची, बाई सकाळी नवी लावायच्या. मग आईला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, शब्द परततीलही. आम्ही बोलायला बसायचो आणि रडून उठायचो.

बाई न विचारता वर आल्या. पदर खोचून आईसमोर बसल्या. "आधी हाताला लागणारी नावं. मग माणसांची. प्रेमबिम शेवटी, घाई नाही."

तेव्हापासून रोज दुपारी आईच्या हातात कधी नारळ, कधी पळी. वर्गात मराठीचा शब्द खपवून न घेणाऱ्या बाई माझ्याकडून मालवणी शिकल्या. त्यांचे उच्चार ऐकून मी आत जाऊन हसून यायचो. आई नुसती बघत राहायची. गणपती गेले, दिवाळी गेली. मी म्हटलं, बाई, आता राहू द्या, तुम्हाला त्रास. तर म्हणाल्या, "घरी जाऊन मी तरी कोणाशी बोलू रे?"

एकदा बाजारातून मासळी आली होती. जन्मात मासा न खाल्लेल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला, शेपटीला धरून एक बांगडा उचलला आणि आईसमोर नाचवत "बांगडो, बांगडो" सुरू केलं. ऊन उतरलं तरी चालूच. बाईंनी फक्त हात बदलला.

आईचे ओठ हलले. आम्ही सगळे धावलो. तिने बांगडा बाजूला सारला, बाईंच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि जुन्याच दरडावणीच्या सुरात म्हणाली,

"ता रवांदे. तू जेवलंस मा गो?"