पिणाऱ्या व्यक्ती

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत केळकर काकांना कोणी चहाला बोलावत नाही. बोलावलं, तर ते खिशातून छोटा टॉर्च काढतात आणि आधी चहाच्या डब्यात डोकावतात.

काकांनी आयुष्यभर एका फूड लॅबमध्ये बुरशीचं विष मोजलं. रिटायर झाल्यावर मोजायला शेजारीच उरले. कुणी हौसेनं घरी कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, लावला, की काका दारात. "डोस सांगा. आधी डोस!" म्हणजे रोज किती कप, किती वर्षं, तुमचं वजन किती. समोरच्या मावशींनी वजन सांगितलं नाही, तेव्हा काकांनी त्यांना नीट न्याहाळून वहीत अंदाजे आकडा लिहिला. मावशी आता त्यांच्याशी बोलत नाहीत.

मी तशीही कुणाशी फारशी बोलत नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीनं आंबवलेल्या चिनी चहाची, शेणीसारखी दिसणारी चकती दिली, ती मी गुपचूप कपाटात ठेवली. पण कचरा टाकताना काकांनी वेष्टन पाहिलं.

"प्यायलीस?"

"दोनच कप."

"दोन कपांनी काही होत नाही गं. रोज प्यायलीस तर प्रश्न. आणि उकळलं की विष जातं, असं समजू नकोस!"

चकतीचा तुकडा त्यांच्या जुन्या लॅबमधल्या मित्राकडे गेला. रिपोर्ट येईपर्यंत काका दर शनिवारी चार वाजता 'निरीक्षणाला' येऊ लागले. टॉर्च मारून म्हणायचे, "बुरशी दिसते, विष दिसत नाही," आणि खुर्चीत बसायचे. मी माझा साधा चहा घ्यायचे, ते स्वतःच्या थर्मासमधलं गरम पाणी. काका तासभर दमट हवेवर बोलायचे. मी हं हं करायचे.

एकदा मी धीर करून मुलाबद्दल विचारलं.

"डेन्व्हरला असतो. फोनवर 'ऑल गुड, बाबा' म्हणतो." काकांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "डोस सांगत नाही."

पाचव्या शनिवारी त्यांनी स्वतः टाइप केलेला रिपोर्ट पुढे ठेवला. विष मर्यादेच्या खूप आत होतं, चहा बिनधास्त प्यायला हरकत नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, आता पुढच्या शनिवारी काका कशाला येतील?

मी कागद वाचत राहिले. माझं वजन, अंदाजे (तीन किलो जास्त). रोजचे कप, एक. पिणाऱ्या व्यक्ती, दोन.

"काका, मी एकटीच राहते."

काकांनी टॉर्च लावला, विझवला. "रिस्क काढताना थोडं जास्तीचं धरायचं असतं," ते म्हणाले. "लॅबची सवय."

मी पाणी उकळत ठेवलं आणि दुसरा कप काढला. त्याच्या तळाचं दुकानातलं स्टिकर अजून तसंच होतं. चकतीचा चहा गाळून त्यांच्यापुढे ठेवला.

टॉर्च त्यांनी खिशात टाकला होता.