लिफ्टच्या मेंदूची घासाघीस

सूनबाईने टेबलावरचा लिफ्टचा दुसरा सर्किट बोर्ड सहज उलटा केला. त्याच्या पाठीवर तिनेच चिकटवलेली चिठ्ठी होती: 'खराब'.

मग आपण सकाळपासून घासतोय तो कुठला?

"बाबा, खराब बोर्ड डावीकडे ठेवला होता ना मी?"

"अगं, टेबल पुसलं. नीट लावून ठेवले दोन्ही," सासऱ्यांनी अभिमानाने सांगितलं.

इमारतीची लिफ्ट जुनी, ती बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. सूनबाईच्या ऑफिसात फोटो पाहून सर्किटचा नकाशा काढणारा प्रोग्रॅम होता. अडगळीतल्या खराब बोर्डाचा एकेक थर घासायचा, फोटो काढायचे आणि त्यावरून नवा बोर्ड बनवून घ्यायचा, असा तिचा बेत. चालू बोर्ड लिफ्टमधून फक्त वरून फोटो घेण्यापुरता काढून आणला होता. त्याचंच तिने पीठ केलं होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो सासऱ्यांनी उचलला. "आईला हॉस्पिटलमधून सोडलं का? छान! गुडघा सांभाळून आण. लिफ्ट ना? अरे, सूनबाई जातीने लक्ष घालतेय!"

घर सातव्या मजल्यावर. सूनबाईने डोक्याला हात लावला, आणि मग घाईघाईने सगळे फोटो प्रोग्रॅमला दिले.

पडद्यावर थरांवर थर बसले. तांब्याची एक रेघ उजळली, खाली बुडाली, तिसऱ्या थरात वर आली. मग दुसरी, मग शेकडो. रात्री विमानातून शहर दिसावं तसं सगळं लखलखलं. सासरे माफी मागायला आले होते, ते तिथेच खिळले.

"हे सगळं एवढ्याशा तुकड्याच्या पोटात?"

"हो. आणि बघा, एकही रेघ दुसरीला धडकत नाही." बोलता बोलता ती थबकली. "ही एक सोडून. ही सगळ्यांना छेदून चाललीय! हिच्यामुळे लिफ्ट एकाच वेळी वर आणि खाली जाईल."

सासरे चष्मा सावरत वाकले. "ही पांढरी? अगं, हा माझा केस आहे!"

शेवटच्या थरावर चिकटलेला केस काढला, त्याचा पुन्हा फोटो घेतला आणि नकाशा शहाण्यासारखा जुळून आला. कुठल्याशा विसरलेल्या माणसाने कोपऱ्याकोपऱ्यात रेघा किती जपून वळवल्या होत्या!

त्याच नकाशावर बोट ठेवून सूनबाईने खराब बोर्डाची एकेक वाट मीटरने तपासली. आतल्या थरात एकच रेघ तुटली होती. तिने बाहेरून बारीक तार जोडली, बोर्ड जागेवर बसवला. लिफ्ट गुरगुरली आणि चालू लागली.

नकाशात आणखी एक गंमत निघाली. 'दार बंद' या बटणाची रेघ कुठेच पोचत नव्हती. ते बटण जन्मापासून नुसतंच शोभेचं होतं. सांगावं, तर सासरे शर्ट बदलायला धावलेले.

सासूबाई आल्या. सासऱ्यांनी त्यांना लिफ्टमध्ये घेतलं, ते बटण ठासून दाबलं. दार सरकलं.

"बघितलंस? मी दाबलं की लगेच बंद होतं."

"तुमच्या हाताला गुणच आहे," सासूबाई म्हणाल्या. सूनबाईने ओठ घट्ट मिटले.

दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसला उशीर झाला. ती लिफ्टमध्ये शिरली, दार काही हलेना. तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. मग ते बटण दाबलं. पुन्हा एकदा, जरा जोरात.

दार बंद झालं, आणि तिला फार बरं वाटलं.