माजी सैनिकांसाठी पाच मिनिटं

यंदा एकही माजी सैनिक बोलल्याशिवाय घरी जाणार नाही आणि कार्यक्रम एक मिनिटही लांबणार नाही, असं वाचनालयाच्या कार्यवाहांनी बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं. चार कप चहा सांडला. पण कोणी चकार शब्द काढला नाही, कारण कार्यवाह खरोखरच संतापलेले होते आणि संतापायला कारणही तसंच होतं.

मागच्या वर्षी युद्धातले अनुभव सांगायला नऊ माजी सैनिकांना बोलावलं होतं. आधी अध्यक्ष प्रास्ताविक करायला उठले ते सव्वा तास बोलत राहिले. अध्यक्ष पेशाने दंतवैद्य. तोंड उघडं आहे पण बोलता येत नाही, अशा लोकांशी तीस वर्षं एकतर्फी गप्पा मारून त्यांचा असा समज झाला होता की, आपलं बोलणं सगळ्यांना पटतं. शौर्यावरून ते अक्कलदाढेवर कधी घसरले हे कोणाला कळलं नाही. शेवटी नऊ म्हाताऱ्यांच्या हातात एकेक पेन ठेवून फोटो काढला आणि त्यांना वाटेला लावलं. एक शब्द नाही बोलू दिला कोणाला! रणांगणावरून जिवंत परत आलेली माणसं, आणि त्यांना दंतवैद्याने गारद करावं?

कार्यवाह नोकरीने वजनमापं निरीक्षक. किलोमागे चार ग्रॅम कमी भरले तरी दुकानदाराला घाम फोडणारा माणूस. त्यामुळे सव्वा तास विरुद्ध शून्य मिनिटं हे माप त्यांच्या डोक्यात वर्षभर सलत होतं.

पण खरं दुखणं घरचं होतं. त्या नऊ जणांत कार्यवाहांचे बाबाही होते. बाबा युद्धावर होते तेव्हा आई वीस वर्षांची, लग्नाला आठ महिने झालेले. आठवड्याला दोन पत्रं यायची. मग अचानक पत्रं थांबली ती सेहेचाळीस दिवस. आई रोज टपाल कचेरीत जायची. पुढे पुढे तर टपालमास्तर तिला लांबून येताना बघूनच मान हलवायला लागला. गल्लीतल्या बाकीच्या बायकांना त्यांच्या नवऱ्यांची पत्रं येत होती, एकटीला नाही. बाबा पुढे सुखरूप परतले, संसार झाला, पन्नास वर्षं उलटली, पण त्या सेहेचाळीस दिवसांत काय झालं होतं हे त्यांनी काही सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "वेळ आली की सांगेन."

आईने आपल्यापुरती उत्तरं शोधून ठेवली होती. कधी ते शत्रूच्या कैदेत होते, कधी कुठल्याशा गुप्त कामगिरीवर. शेजारणीला तर तिने एकदा बाबांच्या डोक्याला मार लागून स्मृती गेली होती असंही सांगितलं होतं. पण स्वतःच्या उत्तरांनी समाधान होत नाही. अलीकडे तिची तब्येत कुरकुर करायला लागल्यापासून ती म्हणायची, हे एवढं कळू दे, मग माझं काही मागणं नाही. कार्यवाहांच्या काळजात ते रुतून बसलं होतं.

म्हणून त्यांनी यंदा पत्राचा मसुदा स्वतः केला. "आपण युद्धकाळातील एक अनुभव सांगावा. प्रत्येक वक्त्यास पाच मिनिटे. घंटा वाजताच वक्त्याने बोलणे थांबवून जागेवर बसावे. या नियमास अपवाद नाही." खाली अध्यक्षांची सही आणि वाचनालयाचा शिक्का. अध्यक्ष सही करताना कधीच वाचत नसत, त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत आपलं भाषणच नाही हे त्यांना कार्यक्रमाच्या सकाळी कळलं.

बाबांनाही कार्यवाहांनी घरातल्या घरात रीतसर पत्र दिलं. बाबांनी ते उभ्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "ठीक आहे. सांगतो." पन्नास वर्षांत जे आईच्या विनवण्यांनी झालं नाही ते एका शिक्क्याने झालं! आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने त्याच दिवशी ठेवणीतले कपडे उन्हात टाकले.

रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह गच्च भरलं. मंचावर नऊ माजी सैनिक ताठ बसलेले, सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून मधल्या खुर्चीत मेजरसाहेब. पहिल्या रांगेत अध्यक्ष, हाताची घडी आणि चेहरा असा की दाढ त्यांचीच काढलीय. दुसऱ्या रांगेत आई. टेबलाशी कार्यवाह, समोर पितळी घंटा आणि हातात खात्याचं तपासून घेतलेलं स्टॉपवॉच.

पहिले उठले ते सुरुंग लावणाऱ्या तुकडीतले काका. सुरुवातीला जरा अडखळले, मग असे रंगले की सभागृहात श्वास ऐकू येईनात. शत्रू येण्याआधी पूल उडवायचा होता. सगळे मागे गेले, काका एकटे उरले, त्यांनी वात पेटवली. "आणि वळून बघतो तर पुलाच्या मधोमध एक म्हातारी, डोक्यावर टोपली, चाललीय आपली सावकाश. मी ओरडलो..."

टण्ण.

काकांनी तोंड मिटलं, सलाम ठोकला आणि ते खाली बसले.

लोकांना वाटलं, वाक्य तरी पुरं करतील. छे! काका समोरच्या भिंतीकडे बघत बसले. दुसरे बिनतारी संदेश घेणारे. त्यांनी एका पहाटे मृतांची यादी उतरवून घेतली आणि सतरावं नाव त्यांचं स्वतःचंच निघालं. "मी पलीकडच्याला म्हटलं, जरा परत वाच. तो म्हणाला..." टण्ण. सलाम. खाली. तिसरे ट्रकवाले. ट्रकमध्ये दारूगोळा, घाटाचा उतार, ब्रेक गेलेला, आणि शेजारी बसलेला माणूस दार उघडून... टण्ण.

कोपऱ्यावरची बेकरीवाली उभी राहिली. वजनात मारते म्हणून कार्यवाहांनी तिला दोनदा नोटीस दिली होती, त्यामुळे तिच्या आवाजाला धार आपोआपच आली. म्हातारी मेली की जगली एवढं तरी सांगा, माणसाने घरी जाऊन जेवायचं कसं, असं ती म्हणाली. काकांनी मेजरसाहेबांकडे पाहिलं. मेजरसाहेबांनी नाही म्हणून मान हलवली. काकांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. सभागृहात कुजबुजीचा गोंगाट झाला. ज्या श्रोत्यांना दरवर्षी झोप आवरत नव्हती तेच आता खुर्च्या आपटत होते. कार्यवाहांनाही ती म्हातारी डोळ्यांसमोरून हलेना, पण नियम तो नियम. सगळ्यांना सारखं माप, असं ते मनाशी घोकत राहिले.

चौथं नाव बाबांचं.

बाबा टेहळणीच्या ठाण्यावर होते. ठाणं टेकडीवर. ती टेकडी किती उंच, वारा कुठून यायचा, मोजे वाळायला किती वेळ लागायचा, यात त्यांनी चार मिनिटं घालवली. मोज्यांवरच एक मिनिट! स्टॉपवॉचचा काटा काही वडीलमाणूस ओळखत नाही. साडेचार मिनिटं झाली तेव्हा बाबांनी खाकरून दुसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"त्या वेळी माझ्या घरी सेहेचाळीस दिवस पत्र गेलं नाही," ते म्हणाले. "त्याचं कारण मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ते आज सांगतो."

आई खुर्चीच्या कडेवर आली.

"कारण असं की..."

काटा पाचावर आला. कार्यवाहांनी आईकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं, बेकरीवालीकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून वाटच बघत होती की हा आता घरच्या माणसाला वाढवून देतो का. कार्यवाहांनी डोळे मिटले आणि घंटा वाजवली.

बाबांनी सलाम केला आणि बसले.

"बाळ्या," आई म्हणाली. एवढ्या सभागृहात, अठ्ठेचाळीस वर्षांच्या निरीक्षकाला. "तू आत्ता काय केलंस?"

"आई, नियम आहे."

"तुझ्या नियमाला आग लागो. अहो, तुम्ही बोला."

बाबांनी बोटाने घंटा दाखवली. कार्यवाहांनी घंटा टेबलाखाली ढकलली आणि हात जोडून म्हणाले की, बाबा, बोला, नियम रद्द. आता मेजरसाहेब उभे राहिले. त्यांनी खिशातून पत्र काढलं, चष्मा लावला आणि शांतपणे विचारणा केली, की पत्रावर सही कोणाची आहे? अध्यक्षांची. मग कार्यवाहांना हा आदेश तोंडी रद्द करण्याचा अधिकार कोणी दिला? ज्याने काढला तोच रद्द करील, लेखी. नऊ पांढऱ्या माना एकदम हलल्या. बाबांची सगळ्यांत जोरात.

कार्यवाहांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय माणसं ही! आयुष्यभर आदेश पाळले ते पाळले, आता वाचनालयाचेही पाळतात? जिथे सभासद पुस्तकं परत करत नाहीत तिथे! पण बोलून उपयोग नव्हता. त्यांनी कागद ओढला, सैनिकांपुरता नियम रद्द केल्याचा आदेश खरडला, शिक्का मारला आणि तो पहिल्या रांगेत नेला.

अध्यक्षांनी आयुष्यात पहिल्यांदाच सही करण्यापूर्वी कागद वाचला. दोनदा वाचला. मग कार्यवाहांच्या कानाशी येऊन हलकेच म्हणाले, "करतो ना सही. पण दोन शब्द बोलल्याशिवाय माझा हात चालत नाही."

मागून आईचे डोळे पाठीला टोचत होते. कार्यवाहांनी होकार दिला. अध्यक्षांनी सही केली आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली. ती वाचायची राहून गेली ही कार्यवाहांची चूक, आणि ते ती अजून कबूल करतात. ओळ अशी होती : "घंटेचा नियम आजच्या सर्व वक्त्यांसाठी रद्द."

अध्यक्षांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि शौर्याची व्याख्या सांगायला सुरुवात केली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. कार्यवाहांनी सवयीने टेबलाखालची घंटा वर काढली, तेव्हा अध्यक्षांनी बोलता बोलताच तो कागद उचलून त्यांना दाखवला. पंचविसाव्या मिनिटाला शौर्य संपून हिरड्या सुरू झाल्या. इतकं अन्यायाचं माप कार्यवाहांनी भर बाजारातही पाहिलं नव्हतं, आणि इथे काटा त्यांच्याच हाताने मोडलेला.

तेवढ्यात मेजरसाहेब कार्यवाहांपाशी आले आणि त्यांनी विचारलं की, या भाषणाला हजर राहावं असा काही आदेश आहे का? कार्यवाहांनी पत्र पाहिलं. भाषणच ठरलेलं नव्हतं, आदेश कुठून असणार? तसं त्यांनी सांगताच नऊही जण उठले आणि एका रांगेत दाराबाहेर पडले. मागोमाग बेकरीवाली, मागोमाग सगळं सभागृह. अध्यक्षांनी ओळखलं की लोकांना त्यांचा मुद्दा पटला आहे, आणि ते पुढे बोलत राहिले.

खरा कार्यक्रम झाला तो जिन्यात. एकेका पायरीवर एकेक सैनिक, भोवती माणसांचा गराडा, आणि आता नियम रद्द असल्यामुळे कोणी थांबेना. काकांनी म्हातारीला खांद्यावर टाकून पळवलं, तर टोपलीतली अंडी फुटली म्हणून तिने त्यांना पुलापासून गावापर्यंत बडवलं. पूल उडालाच नाही, वात दमट निघाली. बेकरीवाली हसता हसता रडली. कार्यवाहांनी आयुष्यात इतकी खूश माणसं एका जिन्यात पाहिली नव्हती. त्यांचा ऊर भरून आला.

सगळ्यांत खालच्या पायरीवर आई आणि बाबा. कार्यवाह दोन पायऱ्या वर उभे राहिले आणि श्वास रोखून ऐकू लागले.

"आदेश आला होता," बाबा म्हणाले. "पुढील आदेशापर्यंत घरी पत्र लिहू नये."

आईने त्यांचा हात धरला. "गुप्त कामगिरी होती ना? मला वाटलंच होतं."

"कामगिरी नाही. टपालाची गाडी बिघडली होती. आठवड्यात दुरुस्त झाली. पण आदेश रद्द करायचं साहेबांच्या ध्यानातून गेलं."

"मग बाकीच्यांची पत्रं कशी आली?"

"गाडी सुरू झाल्यावर त्यांनी लिहिली. आदेश मोडून." बाबांच्या आवाजात इतक्या वर्षांनीही नाराजी होती. "मी रोज संध्याकाळी साहेबांना भेटायचं ठरवायचो. पण आदेश कधी मागे घेणार, असं साहेबांना विचारायचं नसतं."

आईने हात सोडला.

"मी सोळा किलोने वाळले होते," ती म्हणाली. "माझ्यासाठी पांढरं पातळ विकत घ्यायचं का, हे माझी आई मला न सांगता ठरवत होती. आणि तुम्ही गाडीची वाट बघत होतात?"

"आदेशाची," बाबांनी दुरुस्ती केली.

ती दुरुस्ती केली नसती तर कदाचित निभावलं असतं. आई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मग ऐका. पुढील आदेशापर्यंत माझ्याशी बोलायचं नाही."

बाबा उभे राहिले. त्यांनी सलाम केला.

याला आज तीन आठवडे झाले. आई रोज वाट बघते, की हा माणूस आज तरी एक शब्द बोलेल, आदेश मोडेल, आणि मग ती त्याला माफ करील. बाबांना यातलं काहीही ठाऊक नाही. त्यांच्या मते घरात शिस्त आली आहे आणि सगळं उत्तम चाललं आहे. चहा हवा असला की ते कार्यवाहांना सांगतात, आणि कार्यवाह आत जाऊन आईला सांगतात.