पंचांसमक्ष एक केळं

लेकीने जेवणाच्या टेबलावर एक कागद पसरला आणि वडिलांनी तो गुंडाळून ठेवू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चार डबे ठेवले. कागदावर सोमवार ते रविवार असे सात उभे रकाने होते. आडव्या ओळींत धान्य, डाळ, भाजी, फळं, दूध असं सगळं मांडून माणसाने दिवसाला काय किती खावं, तो आकडा शेजारी छापला होता.

"बाबा, आठवडाभर जे खाल ते यात लिहायचं. रविवारी मी येऊन बघणार. प्रमाणात बसलं तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही बसलं, तर मुकाट्याने सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. तुमची खोली कधीची तयार आहे."

"आणि हे घर?"

"घराला भूक लागत नाही बाबा. तुम्हाला लागते."

बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यानंतर स्वयंपाकघरात ते चहापुरतेच जात. पण घर सोडायला ते तयार नव्हते. इथल्या चौकटीवर लेकीची उंची दर वाढदिवसाला पेन्सिलने लिहिलेली होती. मिलिमीटरपर्यंत. तारीख आणि सहीसकट.

ही सही करायची सवय नोकरीतली. चौतीस वर्षं ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. बाजारात त्यांना सगळे मापसाहेब म्हणत, आणि ते गल्लीत शिरले की पारड्याखाली चिकटवलेलं मेण भराभर सुटे. एकदा त्यांनी सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला काटा जप्त केला. त्यानंतर सहा वर्षं सासुरवाडीला जावयाला चहासुद्धा मापूनच मिळाला. असा माणूस कागदात खोटं लिहिणार नाही हे लेकीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिने लिहायचं काम त्यांच्याचकडे दिलं होतं.

सोमवारी सकाळी मापसाहेबांनी पहिलं काम केलं ते कागदावर नंबर दिलेल्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावण्याचं.

"भाजी तीन वाट्या लिहिलंय. वाटी कुठली?"

"घरातली कुठलीही घ्या हो काका."

"घरात चौदा वाट्या आहेत. मी पाणी भरून बघितलं. एकीचं दुसरीशी जमत नाही."

"मग मधली घ्या."

"मधली म्हणजे सातवी की आठवी?"

"दोनशे मिलीची घ्या," बाई म्हणाल्या.

"सपाट की शिगेची?"

"म्हणजे?"

"काठोकाठ की वर डोंगर करून? बाई, या एका प्रश्नावर मी बाजार बंद पडलेले बघितलेत. आणि खाली मूठभर दाणे म्हटलंय, ती मूठ कोणाची?"

"तुमची काका! तुमचीच!" बाई म्हणाल्या आणि त्यांचा फोन कट झाला. दुपारी लावला तर लागला नाही.

आता कागद कितीही प्रामाणिकपणे भरला, तरी आरोपीनेच स्वतःची तपासणी करायची हे मापसाहेबांना पटेना. खात्याचा नियम साधा होता. नमुना घ्यायचा, बाटलीत घालून सील करायचा, आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. नियम माणूस बघून बदलत नाही. त्यांनी माळ्यावरून लाखेची कांडी, सुतळी आणि पितळी मापं काढली, आणि पंच शोधायला जिना उतरले.

तळमजल्यावर शिंपीणकाकूंचं मशीन खडखडत होतं. समोरच्या खोलीत निवृत्त पोस्टमन होते. त्यांना सगळे टपालकाका म्हणत आणि त्यांच्या वेळाला सध्या काहीच भाव नव्हता.

"तुम्ही जेवणार, आणि आम्ही बघायचं?" शिंपीणकाकूंनी तोंडातली टाचणी काढत विचारलं. "साहेब, लोक सिनेमाला बोलावतात."

पण दोघं आले. मापसाहेबांनी वहीत लिहिलं, "पंचांसमक्ष एक केळं, साल काढून, वजन एकशे चार ग्रॅम." टपालकाकांनी केळं दोन्ही बाजूंनी तपासून सही ठोकली. मग मापसाहेबांनी केळ्याचा एक तुकडा बाटलीत घातला, लाख वितळवली, उरलेलं केळं खाल्लं, आणि मान वर केली तर दोन पंच त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

इथे पहिली अडचण आली. समोर माणसं बसवून एकट्याने खायचं, हे त्यांच्याने होईना. मंगळवारी त्यांनी भात आणि डाळ तिघांपुरती टाकली. डाळ खाऊन टपालकाका म्हणाले, "साहेब, पाण्यात भेसळ नाही, पण डाळीत पाणी आहे." मापसाहेबांना ते फार लागलं. बुधवारी डाळ घट्ट झाली. शिंपीणकाकूंनी वर येताना काकड्या आणल्या, कारण कागदावर 'कच्ची भाजी' ही ओळ रिकामी होती आणि रिकामी ओळ बघून त्यांना उसवलेली शिवण बघितल्यासारखं बेचैन वाटे. गुरुवारी टपालकाकांनी दही आणलं. शुक्रवारी वरच्या मजल्यावरची शिक्षिका, 'काही सह्या लागतायत का' असं विचारत डोकावली आणि पानावर बसली. फ्रिजमध्ये बाटल्यांची रांग लागली. दुधाला जागा उरली नाही, म्हणून दूध तापवून त्याच दिवशी संपवावं लागलं आणि दुधाची ओळही भरली.

शनिवारी संध्याकाळी मापसाहेबांनी लाल भोपळ्याची भाजी केली. जेवणं झाल्यावर त्यांनी कागद सगळ्यांपुढे धरला. शनिवारपर्यंतचा एकूण एक आकडा प्रमाणात बसत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"घर वाचलं म्हणा की तुमचं," टपालकाका म्हणाले.

शिंपीणकाकू हसल्या. "वाचणारच. अहो, मी जन्मभर कंबरा मोजल्या. टेप लावली की जो तो पोट आत घेतो. टेप काढली की खरी कंबर बाहेर!"

सगळे हसले. मापसाहेब मात्र हसता हसता थांबले. निरीक्षक येणार म्हणून त्या दिवसापुरतं बरोबर माप देणारे किती दुकानदार त्यांनी पकडले होते! रात्रभर ते कूस बदलत राहिले. पहाटे उठून त्यांनी कागदाच्या तळाला स्वच्छ अक्षरात शेरा लिहिला: "हा आठवडा तपासणीचा असल्याने ग्राह्य धरू नये. एरवी निम्नस्वाक्षरीकार संध्याकाळी चहात पाव बुडवून खातो व दिवा घालवतो." खाली सही केली. मग बायकोच्या कपाटाजवळ थोडा वेळ उभे राहिले, आणि बॅग काढली.

दुपारी लेक आली. कागद वाचताना तिच्या भुवया वर वर जात होत्या. "बाबा, हे तर माझ्यापेक्षा चांगलं—" म्हणेपर्यंत ती शेऱ्यापाशी पोहोचली. तिने तो दोनदा वाचला.

"नापास," मापसाहेब म्हणाले. "बॅग भरलीय. मापं तेवढी घेतो बरोबर."

लेकीने पाणी प्यायला फ्रिज उघडला, तर पाण्याच्या जागी लाखेची सीलं. तिने समोरची बाटली काढली. 'लाल भोपळा, शनिवार, पंच तीन'. सकाळपासून तिच्या पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं. तिने सुरीने सील उडवलं, बोटाने फोड काढली आणि तोंडात घातली. मग फ्रिजचं दार उघडं ठेवून ती तशीच उभी राहिली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"आईच्या हातचं लागतंय."

"लागणारच. मीठ तिच्याच मापाचं आहे."

"आईला कुठलं माप? ती तर चिमटीने टाकायची."

मापसाहेब खुर्चीत बसले. "तिची चिमूट मी वजन करून बघितलीय. तिला न सांगता. ती मीठ काढायची तेव्हा काहीतरी बोलण्यात गुंतवायचो आणि वाटीखाली काटा ठेवायचो. एक्केचाळीस वेळा. दर वेळी पाऊण ग्रॅम. सगळ्या खात्यात तेवढा खरा काटा नव्हता, बाळा."

"तिला सांगितलंत हे?"

"नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आधी वाटलं, हसेल. मग राहूनच गेलं."

लेक त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि बाटलीतला भोपळा बोटाने खात राहिली, तळ लागेपर्यंत. मापसाहेब तिच्याकडे बघत होते. बघता बघता त्यांची पाठ ताठ झाली.

"तू सील तोडलंस."

"हो."

"पंच हजर नसताना. आणि नमुना खाल्लास."

"मग?"

"एक नमुना गेला की प्रकरण उभंच राहत नाही. चौतीस वर्षांत मी अशी तीन प्रकरणं हरलोय. मी नापास झालो, हे आता कुठेही सिद्ध होणार नाही."

लेकीने एकदा बॅगेकडे आणि एकदा वडिलांकडे पाहिलं. "मग आता काय करायचं?"

"तपासणी पहिल्यापासून. नवा आठवडा, नवे नमुने, पंच तेच."

"आणि पुढच्या रविवारी तेही कोणी खाल्ले तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून," मापसाहेब गंभीरपणे म्हणाले. "कायदा आहे. आपल्या हातात काही नाही."

लेक उठली, फ्रिजमधून शुक्रवारची बाटली काढली, आणि सुरी हाताशी असतानाही तिचं सील दातांनीच तोडलं.